घारापुरीचं जेवण घारापुरीत मिळायला हवं

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून मावशी आणि काका आले होते. दोघांनीही घारापुरी पाहिली नव्हती, म्हणून एका मंगळवारी सकाळी गेटवेवरून लाँच पकडली. तासाभराचा प्रवास, शेतबंदरची लांबलचक जेटी, मग पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं लागलेल्या त्या शंभरावर पायऱ्या काकांनी थांबत थांबत चढल्या. लेण्यात सदाशिवासमोर मावशी बराच वेळ काही न बोलता उभी राहिली. उतरून खाली आलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि तिघांनाही कडकडून भूक लागली होती.

पायऱ्यांच्या खालच्या अंगाला एका हॉटेलात बसलो. मेनूकार्ड हातात आलं. पनीर बटर मसाला, व्हेज मंचुरियन, हक्का नूडल्स, पावभाजी, दाल तडका, ग्रिल्ड सँडविच. शेवटच्या पानावर पापलेट फ्राय आणि सुरमई फ्राय, दोन्हींच्या पुढे दराऐवजी 'साइजप्रमाणे' असं लिहिलेलं. साइजप्रमाणे म्हणजे किती, हे विचारायलाही माणूस बिचकतो. आम्ही पनीर, डाळ आणि रोट्या मागवल्या.

हात धुवायला मागच्या बाजूला गेले. तिथे मालकीणबाई आणि त्यांची जाऊ जमिनीवर बसून जेवत होत्या. ताटात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, वाटीत ओल्या बोंबलाचं लालभडक कालवण, बाजूला चार-पाच तळलेली मांदेली आणि कांद्याची फोड. त्या कालवणाचा वास घेतल्यावर बाहेरच्या पनीरची इच्छाच गेली. "ताई, हे मिळेल का?" मी विचारलं. त्या ओशाळल्या. "हे आमच्यापुरतं केलंय. गिऱ्हाईक हे मागत नाय."

मला वाटतं, घारापुरीच्या पर्यटनातली मोठी चूक या एका वाक्यात आहे. पाहुण्यांसाठी एक स्वयंपाक आणि घरच्यांसाठी दुसरा, आणि त्यातला चांगला स्वयंपाक पडद्यामागे. गेटवेवरून रोज लाँच भरभरून माणसं येतात, दीड हजार वर्षांपूर्वीचं शिल्प पाहतात, डोंबिवलीत किंवा दादरला मिळतात तसेच नूडल्स खातात आणि परत जातात. बेटावर माणसं राहतात, त्यांचं काही खास खाणं आहे, याचा पत्ताही त्यांना लागत नाही. हे बदलायला हवं. बदलण्याची जबाबदारी थोडी आपली, थोडी गावाची आणि बरीचशी सरकारची आहे.

मुळात घारापुरी हे गाव आहे, हेच आपल्या लक्षात नसतं. उरण तालुक्यातली ती ग्रामपंचायत आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन वस्त्या मिळून हजार-बाराशे लोकवस्ती. पूर्वी भातशेती, मासेमारी आणि होड्यांची डागडुजी यांवर गाव जगायचं. आज बेटाच्या चारी बाजूंना पाहिलं तर काय दिसतं? पूर्वेकडे १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर आणि त्याच्या उंचच उंच क्रेन, मुंबईच्या बाजूला तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, उत्तरेला २०२४ साली खुला झालेला अटल सेतू. खाडीचा एकेक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या कामाचा झाला. जाळं टाकायला मोकळं पाणी कमी कमी होत गेलं, तसा गावाचा भार पर्यटकांवर आला.

आता पर्यटकाचा पैसा कुठे उतरतो ते पाहा. लाँचचं तिकीट लाँचवाल्यांचं. लेण्यांचं तिकीट, भारतीयांना ४० आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये, ते पुरातत्त्व खात्याकडे जातं, आणि जायलाच हवं, कारण लेण्यांची देखभाल तेच करतात. ग्रामपंचायत जेटीवर छोटासा कर घेते. त्यापलीकडे गावाच्या हाती राहतं ते दुकानात विकलं जाणारं आणि ताटात वाढलं जाणारं. त्यातही दुकानातल्या मूर्ती, माळा, टोप्या बहुतेक बाहेरूनच आणलेल्या असतात. पनीर, मैदा, सॉसच्या बाटल्या, पावाच्या लाद्या हेही सगळं बोटीतून येतं. म्हणजे नूडल्सच्या प्लेटचे आपण दिलेले पैसे बऱ्याच अंशी परत मुंबईलाच जातात. बोंबलाच्या कालवणाचे पैसे मात्र होडीवाल्याकडे, मासे साफ करणाऱ्या बाईकडे, भाकरी थापणाऱ्या हाताकडे जातात. एकाच टेबलावर बसून काय मागवलं, यावर हा फरक पडतो.

हॉटेलवाल्यांना दोष देण्याआधी हा मेनू असा का झाला, ते समजून घ्यायला हवं. या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असताना स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षं या गावाने संध्याकाळचे काही तास चालणाऱ्या जनरेटरवर काढली. फ्रिज नाही, बर्फ बाहेरून आणायचा. अशा ठिकाणी ओला बोंबील ठेवणार कसा? बोंबील हा तर अत्यंत नाजूक मासा, काही तासांत मऊ पडतो. गिऱ्हाईक आलं नाही तर सगळा माल वाया. त्यापेक्षा सुके नूडल्स, डाळ, बटाटे बरे. ते आठवडाभर टिकतात.

दुसरं कारण घड्याळाचं. सोमवारी लेणी बंद असतात. इतर दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पहिली लाँच सुटते, आणि बेटावर मुक्कामाला परवानगी नसल्याने संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सगळ्यांना परतावं लागतं. दिवसभरात आलेली माणसं साधारण बारा ते तीन या तीन तासांत जेवतात, तीही उरकून, कारण परतीच्या लाँचकडे डोळे लागलेले असतात. अशा वेळी दहा मिनिटांत कढईतून उतरतं तेच विकलं जातं. ताजा मासा साफ करून, मसाला लावून, भाकरी गरम थापून द्यायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

तिसरं कारण मला जास्त लागतं. आपलं रोजचं खाणं पाहुण्यासमोर ठेवण्याजोगं नाही, असं त्या बाईंना मनातून वाटत होतं. "हे काय द्यायचं तुमच्यासारख्यांना," असंही त्या म्हणाल्या. आणि त्याच वेळी कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबईत 'आगरी-कोळी जेवण' असे भलेमोठे फलक लावलेली हॉटेलं रविवारी ओसंडून वाहतात. वेसाव्याच्या कोळी महोत्सवात कोळणी स्वतः मासे तळून वाढतात आणि तिथे रांगा लागतात. जे जेवण शहरात मानाने आणि चांगल्या दराने विकलं जातं, ते त्याच्या मूळ घरी लपवून खावं लागतं. कुणी तरी त्यांना सांगायला हवं की तुमच्या वाटीत जे आहे त्यासाठीच लोक येतील. हे सांगण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ते मागणं.

वीज आल्यावर पहिली अडचण सरली. फ्रिज आले, डीप फ्रीझर आले. मेनू मात्र जनरेटरच्या काळातलाच राहिला. आठवडाभर टिकणाऱ्या मालाची सवय कारण संपल्यावरही टिकून आहे. ती आपोआप जाणार नाही, कारण मालकाला माहीत असलेला धंदा हाच आहे आणि नव्याचा धोका त्याने एकट्याने का घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे.

इथे मला मालवण, तारकर्ली, देवबागची आठवण येते. तिथे घरोघरी खानावळी आहेत. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेतून कितीतरी कुटुंबांनी आपल्याच घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या. तिथे सकाळी पाहुणा विचारतो, "आज मासे काय मिळाले?" आणि जे मिळालं असेल त्यावर दुपारचं जेवण ठरतं. म्हणजे समुद्र मेनू ठरवतो आणि पाहुण्याला ते मान्य असतं. बांगडा आहे तर बांगडा, सौंदाळे आहेत तर सौंदाळे. घारापुरीत मुक्काम नसला तरी हा व्यवहार दुपारच्या जेवणापुरता करायला काहीच हरकत नाही.

तो कसा करायचा, याबद्दल माझं म्हणणं साधं आहे. गेटवेला जिथे लाँचचं तिकीट मिळतं तिथेच गावाच्या जेवणाचा फलक असावा. आज बेटावर काय शिजणार आहे आणि ताटाचा दर किती, एवढंच. तिकीट घेताना तिथेच जेवण सांगायचं, पैसे भरायचे, किती जण आणि किती वाजता ते कळवायचं. लाँचला तासभर लागतो, लेणी पाहायला दीड-दोन तास. म्हणजे स्वयंपाकाला तीन तास मिळाले. मासा किती आणायचा हे आधी कळलं की वाया जाण्याची भीती गेली, आणि पर्यटकाला पाऊण तास ताटकळायला नको. गावातल्या महिला बचत गटांनी हे काम पाळीपाळीने घेतलं तर एका हॉटेलाची मक्तेदारीही होणार नाही. राजबंदरच्या घरांनाही त्यात वाटा मिळेल, कारण आज सगळी गर्दी जेटी ते पायऱ्या या एका पट्ट्यातच फिरते आणि राजबंदरकडे क्वचितच कुणी वळतं. महिलांच्या पर्यटन व्यवसायांसाठी राज्याने २०२३ साली 'आई' नावाचं धोरण आणलं आहे. ते राबवायला मुंबईच्या दारातल्या या बेटापेक्षा चांगली जागा कोणती?

यावर आक्षेप येतात. ते मी ऐकले आहेत आणि त्यातले काही मला पटतातही.

पहिला आक्षेप वारशाचा. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. पुरातत्त्व कायद्याने संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण. पायऱ्यांवरची दुकानांची दाटी आणि निळी ताडपत्री मलाही खटकते. पण मी नव्या शेड मागतच नाही. घरगुती खानावळीला एक वीटही नवी लागत नाही. घर आहे, ओटी आहे, चूल आणि गॅस आहे. उलट गावात घरोघरी जेवण मिळू लागलं तर पायऱ्यांवरची खाण्याची गर्दी खाली सरकेल, आणि लेण्यांचा परिसर मोकळा होईल.

दुसरा आक्षेप असा की शिवाच्या लेण्यांशेजारी मासे शिजणं बरं नव्हे. हे म्हणणाऱ्यांच्या भावनेचा मला अनादर करायचा नाही. पण हे गाव मासेमारांचं आहे आणि त्यांची या लेण्यांवरची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी नाही. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, तेव्हा हीच माणसं उपास धरून डोंगर चढतात. खाडीवर जगणाऱ्याने मासा खाल्ला म्हणून त्याची भक्ती उणी होत नाही. जेवण वर लेण्यांत नाही, खाली गावात आहे. आणि जो मासे खात नाही त्याच्यासाठी या किनाऱ्यावर काय कमी आहे? वालाचं बिरडं, आमसुलाची आमटी, तांदळाच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, पावसाच्या सुरुवातीला शेवळं ही रानभाजी. शेवळाची भाजी करायला हात लागतो, ती नीट साफ झाली नाही आणि काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घातली नाहीत तर घशाला खाजते. असं काही हॉटेलच्या कार्डावर कधी दिसत नाही. रायगडातली सुगरण मात्र डोळे मिटून करते. मावशी शाकाहारी आहे. तिला त्या दिवशी पनीर खावं लागलं, जे ती नागपूरला रोज खाऊ शकते.

दर आणि स्वच्छतेबद्दलचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. 'साइजप्रमाणे' हे लिहिणं बंद व्हायलाच हवं. माणूस फसवणुकीच्या भीतीनेच अर्ध्या वेळा उपाशी परततो किंवा चिप्सच्या पाकिटावर भागवतो. ताटाचा दर आधी लिहिलेला हवा, तोही सगळ्यांना सारखा, परदेशी पाहुण्यालाही तोच. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग विकणाऱ्या दुकानाला ग्रामपंचायतीनेच आवरलं पाहिजे, कारण त्या दहा रुपयांनी सगळ्या गावाचं नाव जातं. आणि त्याच वेळी आपणही समजून घेतलं पाहिजे की बेटावर गॅसचा सिलिंडर, तेलाचा डबा, तांदळाचं पोतं सगळं होडीने येतं आणि डोक्यावरून चढतं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, भांडी घासायला लागणारं पाणीही मोजून वापरावं लागतं. त्यामुळे जेवण उरणपेक्षा थोडं महाग असणारच. महाग असणं आणि लुबाडणं यांतला फरक लिहिलेल्या दराने कळतो.

स्वच्छतेसाठी अन्नसुरक्षेची साधी नोंदणी छोट्या व्यावसायिकालाही करता येते. ती करून देणारा माणूस महिन्यातून एकदा बेटावर पाठवणं जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. कचऱ्याचं म्हणाल तर खानावळीतल्या जेवणाचा कचरा काटे आणि साली यांचा. प्लास्टिक येतं ते पाकिटं, बाटल्या आणि बंद डब्यांतून, म्हणजे आपण बाहेरून नेतो त्यातून. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, तरी जेटीच्या कडेला भरतीबरोबर काय काय हेलकावत असतं ते येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. माकडं हातातली पिशवी ओढून नेतात आणि फाडून टाकतात, ते वेगळंच. स्टीलच्या ताटात वाढलेलं जेवण माकड पळवून नेत नाही.

कुणी घरून डबा नेत असेल तर त्याला माझा विरोध नाही. चार पोरांना घेऊन आलेल्या माणसाला लाँचची तिकिटंच जड जातात. त्याने पोळी-भाजी आणली तर ती झाडाखाली बसून सुखाने खावी. माझं सांगणं त्यांना आहे जे तसेही पैसे खर्च करणारच आहेत, ज्यांच्या हातात मेनूकार्ड येतंच. त्यांनी एकदा विचारावं, "तुमच्या घरी आज काय केलंय?"

गावानेही एक गोष्ट करावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद पडतात आणि हॉटेलं ओस पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. आपलं पोट किती पातळ दोरीवर आहे, हे त्यानंतर बेटावर कुणाला सांगावं लागलं नसेल. अशा काळासाठी सुकं उपयोगाचं आहे. सुका बोंबील, सुकट, जवळ्याची चटणी, घरचा आगरी मसाला, हे सगळं बेटावर होतं आणि शहरात त्याला मागणी आहे. ते पाकिटात बांधून, गावाचं नाव घालून विकलं तर लाँच बंद असतानाही चार पैसे येतील. कुठून तरी आणलेल्या प्लास्टिकच्या हत्तींपेक्षा ती पाकिटं पाहुण्याने घरी नेली तर त्याला खरोखर काही तरी घारापुरीचं मिळेल. दूरच्या लोकांशी देवाणघेवाण या बेटाला नवी नाही. रोमन व्यापाऱ्यांच्या दारूचे आणि तेलाचे अँफोरा, म्हणजे दोन कानांचे मातीचे रांजण, फुटून पडलेली खापरं इथल्या मातीत सापडली आहेत. लेणी कोरली जाण्याच्याही आधीपासून इथे परकी गलबतं लागत होती, म्हणजे कुणी तरी तेव्हाही त्या खलाशांना जेवू घातलं असेलच.

त्या दुपारी बाईंनी अखेर आम्हाला एका वाटीत कालवण आणि दोन भाकऱ्या आणून दिल्या. "काका, तिखट चालेल ना?" असं दोनदा विचारून. काका विदर्भातले, त्यांना तिखटाचं काय? त्यांनी वाटी पुसून घेतली आणि आणखी भाकरी आहे का विचारलं. जाऊबाईंनी स्वतःच्या ताटातली मांदेली नको नको म्हणत असताना वाढली. पनीर तसंच राहिलं, मावशीने खाल्लं तेवढंच.

बिल आलं त्यात पनीर, डाळ, रोट्या. बोंबील लिहिलेलाच नव्हता. मी म्हटलं, याचेही घ्या. बाई नवऱ्याकडे बघू लागल्या, ते त्यांच्याकडे. कार्डावरच्या प्रत्येक पदार्थाचा दर दोघांना तोंडपाठ होता, आणि ज्या जेवणावर आमचं पोट भरलं त्याचा दर कुणी कधी ठरवलाच नव्हता. "द्या काय ते," त्या म्हणाल्या. काय ते म्हणजे किती, हे मलाही कळेना. मग त्यांच्या जावेने बोटांवर हिशेब केला, चार बोंबील, दोन भाकऱ्या, मसाला, आणि एक आकडा सांगितला. तो पनीरपेक्षा कमी होता. मी पनीरएवढे दिले. निघताना त्यांनी हॉटेलचं कार्ड दिलं आणि त्यावरचा फोन नंबर बोटाने दाखवून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला आदल्या दिवशी सांगा ताई. चिंबोऱ्या आणून ठेवीन."